पांढरं ते मऊ, काळं ते कडक

सिंदी (रेल्वे)
२७ फेब्रुवारी १९८२

चि. बंडू,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

तुझं पत्र काल मिळालं. तीन पानं. पट्टीची जाडी किती होती, ती कडीपाशी तुटली की मधे, प्रेसचा दाब त्या दिवशी नेहमीचाच होता का, हे सगळं तू विचारलंस. तुटलेला तुकडा तेल लावून कोरड्या जागी ठेव, गंज चढला तर तपासायला अडचण येईल, हेही लिहिलंस.

शकुबाईच्या डोळ्याचं काय झालं हे विचारायला बहुधा तुला चौथं पान लागलं असतं.

मीच सांगते. डावा डोळा गेला. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आधी वाचवायची खटपट केली, मग उजव्याला धोका नको म्हणून तो काढला. कपाळापासून गालापर्यंत टाके आहेत. मी रविवारी गेले होते. खाटेवर बसून ती शेजारच्या बाईच्या पोराला हसवत होती. मला म्हणाली, "प्रमिलाबाई, आता मले आर्धेच लोकं दिसतीन. बरं झालं. आर्धे तसेही पाहाच्या लायकीचे नव्हते." मी हसले, आणि पाणी आणायला म्हणून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

मागचं पत्र मी घाईत लिहिलं होतं, आणि तुझ्या प्रश्नांवरून असं दिसतं की त्यातली पट्टी तेवढी तुला दिसली. म्हणून पुन्हा लिहिते, या वेळी माणसांसकट.

शकुबाई हिरालालजींच्या रुई दाबायच्या प्रेसमध्ये एवढी वर्षं एकच काम करते, तुला ते माहीत आहे. रुईची गाठ बांधायच्या लोखंडी पट्ट्यांना टोकाशी कडी वळवून देते. गडी त्या पट्ट्या दाबलेल्या रुईभोवती घेतात, कडीत कडी अडकवतात आणि प्रेस ढिली करतात. रुई फुगते, पट्ट्या ताणल्या जातात, गाठ तयार होते. त्या दिवशी प्रेस ढिली झाली, आणि एक पट्टी कडीपाशी तुटून चाबकासारखी सुटली. पुढच्या गाठीच्या पट्ट्या खांद्यावर घेऊन शकुबाई समोरच उभी होती.

ती पट्टी जुनी नव्हती. तू डिसेंबरात आणलेल्या भेंडोळ्यातली होती.

तुझा तो दिवस मला आठवतो. नागपूरच्या ओळखीच्या कारखान्यातून तुझ्या पद्धतीनं तापवून घेतलेलं लोखंड, ट्रकमधून उतरलेलं. हिरालालजींनी तुला हार घातला. "अपना बंडू अमरीका से लोहा लाया," असं ते हमालांनासुद्धा सांगत सुटले. पातळ, हलकी, आणि साध्या पट्टीच्या दीडपट ताकदीची. बाबांनी ती हातात घेतली, वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली आणि म्हणाले, "वाकतेही अन् धरतेही." तुझ्या डॉक्टरेटचंही त्यांनी एवढं कौतुक केलं नव्हतं. मग तू भाषण केलंस, फोटो काढून घेतलास आणि विमानाची वेळ झाली म्हणून निघालास.

हिरालालजींच्या कारखान्याच्या अहवालात आता लिहिलं आहे की कडी वळवणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. तिला कामावरून कमी केलं. गावात बायका म्हणतात, तंबाखू मळत बसली असेल. जिनं आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही तिच्याबद्दल हे बोलतात, आणि बोलणाऱ्यांच्याच तोंडात तंबाखू असते.

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. वर्ध्याच्या कामगार अधिकाऱ्यांपुढे चौकशी होणार आहे. त्यांना तू लिही. पट्टी नवी होती, प्रयोगाची होती आणि मी दिली होती, एवढं लिही. शकुबाईच्या नावापुढचा तो शब्द खोडला गेला पाहिजे. बाकी मी काही मागत नाही.

बाबा बरे आहेत.

तुझी
ताई


सिंदी (रेल्वे)
१८ एप्रिल १९८२

बंडू,

तुझं उत्तर आलं. पोलादात दोष असणं शक्य नाही असं तू लिहितोस, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ताण-चाचणीचे आकडे पाठवतोस. शेवटी एक ओळ: "बहुधा हाताळणीत काही चूक झाली असावी."

हाताळणी म्हणजे हात, बंडू. आणि त्या शेडमध्ये पट्ट्यांना लागणारे हात एकाच बाईचे आहेत. म्हणजे कारखान्यानं जे मराठीत लिहिलं तेच तू अधिक सभ्य शब्दांत लिहिलंस.

दोन दिवस मी तुझं पत्र घेऊन फिरले. वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना चुकले, मुलींनीच दुरुस्त केलं. मग ठरवलं, तुला विचारत बसण्यापेक्षा लोखंडालाच विचारावं.

तू नोकरीसाठी जाण्याआधीच्या उन्हाळ्यात मला शिकवलं होतंस. आठवतं? अंगणात कडुनिंबाखाली बसून आपण लोखंडाचे तुकडे घासायचो. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग मखमलीवर तुझी ती पांढरी पूड. आरशासारखं झालं की स्पिरिटमध्ये थेंबभर नायट्रिक ॲसिड घालून पुसायचं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला वरून प्रकाश नाही म्हणून तू भिंगाखाली काचेची पट्टी तिरकी धरून बाजूनं टॉर्च लावला होतास. आणि मला म्हणाला होतास, "ताई, लक्षात ठेव. पांढरं ते मऊ, काळं ते कडक." साधं, कमी कार्बनचं लोखंड एका ठरावीक उष्णतेपर्यंत न्यायचं, जिथे त्याचा काही भाग बदलतो आणि बाकीचा तसाच राहतो. तिथेच थांबायचं आणि पाण्यात टाकायचं. बदललेला भाग कडक होतो, न बदललेला मऊ राहतो. कडकामुळे ताकद येते, मऊमुळे ते वाकतं आणि तुटत नाही. तू हे सांगताना तुझा चेहरा असा झाला होता, की आईनं तुला पाहायला हवं होतं असं मला वाटलं.

तर मी दोन तुकडे घासले. एक तुटलेल्या पट्टीच्या मधला, एक तुटलेल्या कडीचा. चार संध्याकाळी लागल्या. आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या यशोदाबाई प्रयोगशाळेत डोकावल्या, मधला तुकडा पाहून म्हणाल्या, "अगं, चांदण्यात वाळत घातलेले काळे उडीद." मराठीच्या बायका कशालाही काहीतरी म्हणतात. पण खरंच तसंच होतं. पांढऱ्या जमिनीवर काळे ठिपके, अगदी तुझ्या प्रबंधातल्या फोटोंसारखे. तुझं पोलाद उत्तम होतं.

लपवत नाही, मला आनंद झाला. क्षणभर मी शकुबाईला विसरले आणि माझ्या भावाचं बरोबर होतं म्हणून एकटीच हसले.

मग कडीचा तुकडा ठेवला. त्यात पांढरं नव्हतंच. टॉर्च हलवला, काच पुसली, तुकडा फिरवून पाहिला. सगळं काळं.

तुझ्यासारख्याला याचा अर्थ सांगायला नको. पण मी लिहिते, म्हणजे मला कळलं आहे हे तुला कळेल. कडी वळवण्याआधी पट्टीचं टोक नरम पडावं म्हणून शेगडीत लालभडक करतात, मग हातात धरता यावं म्हणून बादलीत बुडवतात, मग खुंट्यावर हातोडीनं वळवतात. जुन्या साध्या पट्टीला त्यानं काही होत नव्हतं. तुझ्या पट्टीत मँगनीज आहे, त्यानं तापलेलं लोखंड पाण्यात चटकन कडक होतं. ती पुन्हा लाल झाली तेव्हा तू मोजूनमापून राखलेला मऊ भागही बदलून गेला, आणि बादलीत पडल्यावर टोक सगळंच्या सगळं कडक झालं. त्यावर हातोडी बसली. आतून तडा गेला असणार. वरून कुणाला दिसणार?

आता तू मला सांग. हे लोखंड पुन्हा आगीत घालायचं नाही, हे तू कुणाला सांगितलंस?

हिरालालजींना विचारलं. ते म्हणाले, "बेटी, उसने तो बस इतना बोला, डेढ़ गुना मज़बूत है."

शकुबाईला विचारलं. ती म्हणाली, "मले कोन सांगन? पट्टी आली, टोक लाल केलं, बुडोलं, वळोलं. हातोड्याले कडक लागून राह्यली होती. मी म्हटलं, बंडूचं लोखंड हाये, कडक असनच."

हे वाक्य मी तुला जसंच्या तसं पाठवते आहे. यावर आकडे पाठवू नकोस.

अधिकाऱ्यांना लिही. आता तर तुझ्या पोलादाची बाजूही मी धुऊन दिली आहे. फक्त एवढंच लिहायचं आहे, की सूचना द्यायची होती आणि मी दिली नाही.

बाबा ठीक आहेत. उन्हामुळे बाहेर पडत नाहीत.

ताई


सिंदी (रेल्वे)
६ जुलै १९८२

डॉक्टरसाहेब,

या नावानं हाक मारली की कदाचित नीट उत्तर मिळेल.

आपण लिहिता, "टोकं तापवतात याची मला कल्पना नव्हती." लिहिता की आपण पट्टीचा उपयोग विचारात घेतला होता, कडी वळवण्याची स्थानिक पद्धत आपल्या अभ्यासाच्या कक्षेत नव्हती. आणि शेवटी, आपली कायमच्या नेमणुकीची गोष्ट या वर्षी निघणार असल्यानं चौकशीत आपलं नाव न आलेलं बरं.

बंडू, अंगातल्या सदऱ्याची बाही वर कर. डाव्या कोपरावर काय आहे ते बघ.

तिकडे कुणी विचारलं तर काय सांगतोस? लहानपणी भाजलं, एवढंच? मग मी उरलेलं सांगते. आई गेली त्या हिवाळ्यात मी कॉलेजला वर्ध्याला, बाबा प्रेसमध्ये फोरमन, आणि घरी तुला बघायला कुणी नाही. बाबा तुला शेडमध्ये घेऊन जायचे. तू शकुबाईच्या शेगडीजवळ बसायचास, कारण तिथे ऊब होती आणि ती होती. त्याच निखाऱ्यांवर पट्ट्यांची टोकं लाल व्हायची आणि कडेच्या राखेत ती तुला हरभऱ्याचे घाटे भाजून द्यायची. एकदा घाटा घ्यायला तू हात घातलास आणि कोपर लाल टोकाला लागला. तिनं तुला उचललं आणि तुझा हात त्याच बादलीत धरून बसली. पट्ट्या बुडवायची बादली, बंडू! बाबा ओरडले की काम खोळंबलं. ती म्हणाली, "खोळंबू द्या. गाठ काय रडून राह्यली?" ही गोष्ट बाबांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं.

आणि तुला कल्पना नव्हती.

कल्पना नसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी वर्गात रोज पाहते. प्रश्न नवा असतो, मुलगी गोंधळते, तिला कल्पना नसते. तुझ्या कातडीवर छापलेली गोष्ट तुला ठाऊक नव्हती असं तू म्हणू शकत नाहीस. तू विसरलास. विसरलास असं लिहिलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं, राग आला नसता. तू मात्र ते अभ्यासाच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवलंस. जिथे तुझं बालपण गेलं ती शेगडी कक्षेबाहेर, आणि जी बाई ती फुंकत बसायची तीही.

डिसेंबरात तू त्या शेडमध्ये उभा होतास. शेगडी पेटलेली होती. तुझ्या फोटोत ती दिसते, मी पाहिली. मागे उजव्या कोपऱ्यात शकुबाई आहे, हातात चिमटा, आणि ती तुझ्याकडे बघून हसते आहे. हिरालालजी नसतील जाणत, त्यांचं आयुष्य गादीवर गेलं. पण तू एकदा मागे वळला असतास तर! "शकुबाई, ही तापवू नको व, थंडीच वळव," एवढंच म्हणायचं होतं. थंडच वळली असती ती. बाबांनी हातानं वाकवून दाखवली होती सगळ्यांना. तुझ्या लोखंडाचा तोच तर गुण होता.

नाव न आलेलं बरं, म्हणतोस. बरोबर आहे. नावं कशाला यायला हवीत? शकुबाईचं आलं आहे ना एक. चौकशीला एक नाव पुरतं.

मी नाव सांगणार आहे. बापाच्या नावासकट. चोरून करत नाही, म्हणून आधी कळवते.

यशोदाबाई म्हणतात, भावाला असं लिहू नये, परदेशात एकटा असतो. मी म्हटलं, शकुबाई कुठे मोठ्या जथ्यात राहते?

ताई


सिंदी (रेल्वे)
१४ सप्टेंबर १९८२

बंडू,

तुझं पत्र नाही. दोन महिन्यांत एकही नाही.

चौकशी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला आहे. हे कळवते आहे, म्हणजे नंतर तुला कळवलं नाही असं व्हायला नको.

आणखी एक. बाबा बरे आहेत असं मी आधीच्या पत्रांत लिहिलं. ते बरे नाहीत. दुखणं काही नाही, डॉक्टरांनी तपासलं. अपघात झाल्यापासून ते प्रेसकडे गेलेले नाहीत. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी चक्कर असायची, गड्यांना दोन शिव्या देऊन चहा पिऊन यायचे. आता ओट्यावर बसतात. भोंगा झाला की हातातलं काम थांबवतात आणि तो बंद होईपर्यंत तसेच राहतात. मी घासलेले तुकडे त्यांनी पाहायला मागितले. मी सूक्ष्मदर्शक घरी आणला, टॉर्च धरला. खूप वेळ पाहून म्हणाले, "बादलीनं झालं हे?" मी हो म्हटलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तुला काळजी नको म्हणून लपवत होते. आता वाटतं, तुझ्या वाट्याची काळजी मी का करत बसू?

ताई


सिंदी (रेल्वे)
१२ नोव्हेंबर १९८२

बंडू,

हे पत्र मोठं होईल. चहा घेऊन बस.

मागच्या आठवड्यात गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही वर्ध्याला गेलो. मी, शकुबाई आणि बाबा. बाबांना मी नेणार नव्हते. त्यांनी स्वतःच धोतर बदललं, टोपी घातली आणि दारात उभे राहिले. मी विचारलं, "कुठे?" म्हणाले, "तू जाऊन राह्यली तिथीच." सूक्ष्मदर्शकाची पेटी माझ्या मांडीवर. शकुबाई डोळ्यावर पदर ओढून खिडकीशी. मधे एकदा म्हणाली, "प्रमिलाबाई, तिथी मले काई बोलता नाई आलं तं?" मी म्हटलं, "मी बोलीन." किती आत्मविश्वास होता मला! शिक्षिकेचा असतो तसा, की आपण नीट समजावलं की समोरच्याला समजतंच.

अधिकारी वयानं तुझ्याएवढे, शांत. हिरालालजी आले होते, सोबत नागपूरचे वकील. हिरालालजींनी बाबांना वाकून नमस्कार केला. त्यांना दुष्ट म्हणता येत नाही, तीच अडचण आहे. शकुबाईला दवाखान्यात त्यांनीच जीपनं नेलं होतं.

मी टेबलावर सगळं मांडलं. काच तिरकी, टॉर्च, दोन तुकडे. अधिकाऱ्यांनी डोळा लावला. "मले तं ढगच दिसते बाई," म्हणाले, आणि शिपाई हसला. मग मी समजावलं, आणि त्यांनी पुन्हा पाहिलं, या वेळी हसले नाहीत. पांढरं ते मऊ, काळं ते कडक. मधल्या तुकड्यात दोन्ही आहे, कडीत फक्त काळं. पट्टी मुळात चांगली होती, पुन्हा लाल करून पाण्यात टाकल्यानं टोक ठिसूळ झालं. मी अगदी वर्गात सांगते तसं सांगितलं. तू असतास तर शाबासकी दिली असतीस.

वकील उठले. मला म्हणाले, "बाई, फार छान समजावलंत. आम्हालाही हे माहीत नव्हतं. म्हणजे मालकानं घेतलेली पट्टी निर्दोष होती?"

"हो."

"ती आगीत घातल्यानं बिघडली?"

"हो."

"आणि आगीत कोणी घातली?"

बंडू, मी हातातला टॉर्च विझवला. चार संध्याकाळी घासून मी जो तुकडा उजळला होता तोच त्यांनी माझ्या हातून घेतला आणि शकुबाईच्या गळ्यात बांधला. ती माझ्याकडे बघत होती, एका डोळ्यानं. तिला वाटत होतं की यानंतरचं वाक्य माझ्याकडे आहे.

होतंही. सूचना द्यायची होती ती कोणी दिली नाही, हे मी म्हणाले. वकील म्हणाले, "कोणी द्यायची होती?" मी तुझं नाव घेतलं. "ते कुठे आहेत?" मी अमेरिका म्हटलं. "त्यांचं काही लेखी?" मी नाही म्हटलं. वकिलांनी नुसती मान हलवली, जणू माझ्याबद्दल त्यांना सहानुभूती वाटत होती. तुझ्या एका कागदाची जागा तिथे रिकामी होती, बंडू, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

तेव्हा मागच्या बाकावरून बाबा उठले. कुणी बोलावलं नव्हतं. टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, मी लक्ष्मणराव. या प्रेसचा फोरमन होतो. टोक लाल करून बादलीत बुडवाची पद्धत मी लावली. आधी टोक आपसूक थंडं होऊ द्याचे. गाठी खोळंबत, म्हणून मी बादली ठेवली. या बाईले मीच शिकोलं. एकदा तिनं न बुडवता वळोलं तं मी तिले सगळ्याइच्या समोर बोललो."

वकील म्हणाले, "काका, तुम्हाला निवृत्त होऊन..."

"थांबा जी. झालं नाई माहं." बाबांचा आवाज प्रेसमध्ये असायचा तसा झाला. "पट्टी माह्या पोरानं आनली. त्याले ही शेगडी माहीत होती. तो तिच्यापाशीच वाढला. त्यानं सांगतलं नाई. मी पट्टी हातात घेतली, वाकोली, शाबासकी देल्ली, अन् मीही इचारलं नाई का बावा, हिले आग चालते का. पद्धत बापाची, पट्टी पोराची. मंग या बाईनं काय केलं, ते सांगा मले. तिनं सांगतलं तसं केलं. यालेच तुमी हयगय म्हनता?"

मग शकुबाईचा आवाज आला, पदराआडून, "लक्ष्मणभाऊ, बसा न आता. गुडघे दुखतीन."

अधिकाऱ्यांनी हिरालालजींना विचारलं, नवी पट्टी आल्यावर कामगारांना काही सांगितलं होतं का. हिरालालजींनी वकिलांकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. म्हणाले, "नहीं साहब. किसीने नहीं बताया, हमने भी नहीं पूछा."

निर्णय काल मिळाला. निष्काळजीपणाचा शेरा काढला आहे. नवा माल वापरात आणताना सूचना देणं ही कारखान्याची जबाबदारी होती, असं स्पष्ट लिहिलं आहे. तिची भरपाई मंजूर झाली, आणि तिला झेपेल अशा कामावर परत घ्यायचं आहे. मी तो कागद तिला तिच्या दारात उभी राहून वाचून दाखवला, मुद्दाम मोठ्यानं, म्हणजे तंबाखूवाल्या शेजारणींनाही ऐकू जावा. शकुबाई म्हणाली, "पुन्हा एकदा वाचा, तिकडची शेजारीन घरात होती." मी पुन्हा वाचला.

तुझ्या कागदाशिवाय हे झालं, म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. तुझं काम एका म्हाताऱ्यानं केलं, भर सभेत टोपी काढून. परतताना गाडीत ते झोपले. त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या, आणि निर्णय कळल्यावर आज सकाळी प्रेसकडे गेले. गेले ते शेगडीजवळची बादली उचलून घरी घेऊन आले. अंगणात ठेवली आहे. तिच्यात आता काय करायचं ते त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही.

आता दोन निरोप आहेत.

पहिला माझा नाही, पण जसा दिला तसा पोचवणं माझं काम आहे. शकुबाई म्हणाली, "बंडूले लिहा, वावरात हरभरा पेरला हाये. घाट्यात आला का येजो म्हना. भाजून देईन." मी म्हटलं, "त्याला बोलावतेस? तुझा डोळा..." तर म्हणाली, "डोळा गेला तो गेला. पोट्टा कायले घालवू?" मला तिचा राग आला. तुझ्यावर जेवढा आहे त्याहून थोडाच कमी. एवढ्या सहज तिनं तुला आत घेतलं, आणि मी नऊ महिने दारात तुझ्याशी भांडत उभी आहे.

दुसरा निरोप माझा. तुझ्या पट्टीची तीन भेंडोळी अजून गोदामात आहेत. हिरालालजी ती टाकून देणार नाहीत, आणि ती टाकण्यासारखी नाहीतच, हे तुझ्याइतकंच मी जाणते. दिवाळी झाली की गाठी सुरू होतील. शेगडीवर आता शकुबाईच्या जागी नवी मुलगी बसेल. ही पट्टी न तापवता थंडच कशी वळवायची, खुंटा किती जाड हवा, हातोडी किती जोरात, हे तिला कुणीतरी तोंडानं सांगायला हवं, पत्रानं नाही. हिरालालजींनी मला शब्द दिला आहे, तू येईपर्यंत त्या भेंडोळ्यांना कुणी हात लावणार नाही. हंगाम संपेपर्यंत तो शब्द टिकेल, पुढचं मी सांगू शकत नाही.

तर ये. घाट्यांच्या दिवसांत ये. हार घालायला कुणी येणार नाही. शेडमध्ये मागे वळून उभा राहा आणि जे डिसेंबरात सांगायचं राहिलं ते सांग. तुझ्या नेमणुकीचं काय व्हायचं ते होवो.

यशोदाबाईंना वाटतं की मी या पत्रात पांढऱ्या-काळ्यावरून तुला काहीतरी टोचून लिहीन. नाही लिहीत. माणसांचं माणसांपाशी, लोखंडाचं लोखंडापाशी.

मात्र कडीचा तुकडा पाठवते आहे. आपल्याच रुईत गुंडाळला आहे. तू सांगितल्याप्रमाणे तेल लावून कोरड्या जागी ठेवला होता. गंज चढलेला नाही. तुला तपासायला काही अडचण येणार नाही.

ताई